खिशातला गोळा

सुतार चौथा स्क्रू पिळायला गेला, तेवढ्यात इतिहासाच्या बाईंनी त्याचा हात अडवला.

"थांबा हो जरा! काकांना वाचू दे आधी. या लाइनवर इंजिनात कोळसा टाकलेलं माणूस आता दुसरं उरलंय कोण?"

काका पुढे झाले. जुन्या स्टेशनच्या पार्सलखोलीचं आता संग्रहालय झालं होतं. भिंतीवर ओळीने फलक लागले होते: पहिला रूळ पडला त्याचा, पुरात पूल गेला त्याचा, लाइन बंद झाली त्याचा. उद्यापासून दर रविवारी लाइनवरचं जुनं वाफेचं इंजिन हौशी मंडळींना घेऊन पुन्हा धावणार होतं. हा शेवटचा फलक. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'काखेत कळसा, गावाला वळसा!'

काकांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून बाईंनीच वाचून दाखवलं. लाइन एकेरी. स्टेशनमास्तरच्या यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. पुढच्या स्टेशनावर तो गोळा तिथल्या यंत्रात पडेपर्यंत दुसरी गाडी सुटायची नाही. एका दुपारी ड्रायव्हर उस्ताद तो गोळा खिशात घालून थेट घरी गेले. सगळं स्टेशन गोळा शोधतंय, आणि समोरची पॅसेंजर पलीकडच्या स्टेशनात दोन तास दहा मिनिटं ताटकळत उभी!

"बाकीचे फलक सगळे रडके," बाई म्हणाल्या. "म्हटलं, एक तरी हसवणारा असू दे."

सुतार खो खो हसला. काका हसले नाहीत. त्यांना वाईट वाटलं असंही नाही. फावड्याने तळहाताला घट्टे पडतात, तसे एकेचाळीस वर्षांत मनातल्या त्या जागेला पडले होते. दाबलं तरी दुखत नव्हतं.

गोळा उस्तादांनी नेलाच नव्हता. तो उतरवून मास्तरकडे द्यायचं काम फायरमनचं, म्हणजे काकांचं. त्या दुपारी पोटात कावळे ओरडत होते, अंगभर काजळी होती. गोळा कोटाच्या खिशात राहिला आणि स्वारी घरी जाऊन आंघोळीला बसली. नंतर कोट झटकताना तो पायावर आदळला, तेव्हा काका अनवाणीच धावत सुटले. शेडच्या दारात उस्ताद भेटले. त्यांनी गोळा हातातून काढून घेतला.

"तुझी नोकरी अजून कच्ची आहे. मला फार तर चार शिव्या पडतील. तू तोंड उघडू नकोस."

अडकलेल्या पॅसेंजरमध्ये काकू आहेत, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. माहेरी दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, म्हणून त्यांचा भाऊ त्यांना इकडच्या दवाखान्यात आणत होता. गाडी आली तोवर उशीर झाला होता. मुलगी होती.

काकूंनी उस्तादांना भर दवाखान्यात तळतळून शाप दिले. उस्तादांनी मान खाली घालून ते ऐकून घेतले आणि बाहेर आल्यावर काकांना एवढंच म्हणाले, "तिला आता तूच आहेस. तिचा राग माझ्यावरच राहू दे." काकांनी मूग गिळले ते गिळलेच. उस्तादांची बढती गेली. पुढे उस्तादही गेले, तेव्हा काकू दार लावून बसल्या. वहिनी, म्हणजे उस्तादांची बायको, पलीकडच्या गल्लीत राहायच्या. त्या समोरून आल्या की काकू रस्ता बदलायच्या.

आता काकू खिडकीजवळच्या बाकावर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मग काका, बरोबर आहे ना? लावू?"

उद्यापासून पोरंसोरं इथे उभी राहून उस्तादांना हसणार होती. काकांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"नाव चुकलंय."

"असं कसं? चौकशीच्या कागदांत हेच नाव आहे. खाली सहीसुद्धा आहे त्यांची."

"सही त्यांची आहे," काका म्हणाले. "खिसा माझा होता."

गाडीची वेळ सांगावी तशा आवाजात ते बोलले. सुताराचं हसू ओठांवरच राहिलं. बाई एकदा काकांकडे, एकदा काकूंकडे बघू लागल्या. काकांनी मात्र मागे वळून पाहिलं नाही. तेवढा धीर नव्हता.

काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. फलकाजवळ आल्या आणि डोळे बारीक करून एकेक ओळ वाचत राहिल्या.

"दोन तास दहा नाही, बाई," त्या म्हणाल्या. "दोन तास चाळीस. घड्याळ समोरच होतं."

एवढं बोलून त्या बाहेर पडल्या. काका मागोमाग निघाले. फाटकापाशी घराचा रस्ता डावीकडे होता. काकू उजवीकडे वळल्या. काकांनी हाक मारली नाही. मारून म्हणणार काय? दहा पावलं अंतर ठेवून ते चालत राहिले.

काकूंनी वहिनींची कडी वाजवली. दार उघडायला वेळ लागला. वहिनींनी आधी काकूंकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे, काकांकडे.

"सांगितलं वाटतं यांनी अखेर," वहिनी म्हणाल्या.

काकूंचा हात चौकटीवर गेला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच संध्याकाळपासून."

"आणि मी एवढं बोलले, तरी..."

"ये आत. उन्हात उभी राहू नकोस."

वहिनी बाजूला सरल्या, काकू आत गेल्या. दार लागलं. काका रस्त्यावर उभे राहिले. त्यांना कोणी ये म्हटलं नाही, की जा म्हटलं नाही.