कवळी की कुलूप

त्या आठवड्यात कुटुंबातली चार मोठी माणसं एकाच वेळी खूश होती, आणि हे काही बरं लक्षण नव्हतं.

बाबा आंघोळ करताना गात होते. आई इस्त्री करताना गालातल्या गालात हसत होती. बाबांच्या बहिणीने, म्हणजे आत्याने, एक नवा पांढरा एप्रन शिवून घेतला होता. आईच्या भावाने, म्हणजे मामाने, कातड्याचं एक पाकीट बनवून त्यात बारीक हत्यारं ओळीने खोचून ठेवली होती. एप्रन आणि पाकीट दोन्ही एकाच मुलीसाठी होती. तिचं वय सतरा, आणि घरचं नाव टिचकी. समोर काहीही आलं, काच, पत्रा, भोपळा, झोपलेल्या बाबांचं टक्कल, की त्यावर टिचकी मारून आवाज ऐकायची तिला लहानपणापासून खोड होती.

टिचकीची शाळा संपली होती. पुढे गावातल्या तंत्रशाळेत जायचं हे ठरलेलं, पण तिथल्या फॉर्मवर एकच चौकोन होता आणि त्यात एकच विषय लिहायचा होता. फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवार, दुपारी बारापर्यंत. आत्या कवळ्या बनवायची. मामा कुलपं दुरुस्त करायचा आणि किल्ली हरवलेल्यांना त्यांचं घर उघडून द्यायचा. आत्या आणि बाबा म्हणत होते, दात. मामा आणि आई म्हणत होते, कुलूप.

टिचकीने काय केलं, तर आत्याला आणि बाबांना सांगितलं, ‘‘माझं ठरलंय, दातच. पण शनिवारपर्यंत कुणाला बोलू नका.’’ मग आईला आणि मामाला सांगितलं, ‘‘माझं ठरलंय, कुलूपच. पण शनिवारपर्यंत कुणाला बोलू नका.’’ चौघांनीही शब्द पाळला. एकमेकांकडे बघून मनातल्या मनात ‘बिच्चारे’ म्हणत राहिले, एवढंच.

सकाळी दहा ते एक टिचकी आत्याच्या लॅबमध्ये असायची. दुपारी म्हणे तिचा टायपिंगचा क्लास. दोन ते सहा ती मामाच्या दुकानात असायची. सकाळी म्हणे पोहायला जाते. पोहायला जाणाऱ्या मुलीच्या नखांत प्लॅस्टर कसं, हे मामाने विचारलं नाही, आणि टायपिंगला जाणाऱ्या मुलीच्या हातांना तेलाचा वास कसा, हे आत्याने विचारलं नाही. आनंदात माणसाचं नाक काम करत नाही.

दोन्ही डगरींवर हात ठेवायचा असा तिचा हिशेबी बेत होता, असं मात्र नाही. तिला खरोखरच दोन्ही आवडत होतं, हीच तर अडचण होती.

आत्याची लॅब म्हणजे एक लांबट खोली. तिथल्या स्टुलापासून रेडिओपर्यंत सगळ्यावर प्लॅस्टरची पांढरी भुकटी बसलेली असायची. फळीवर अनोळखी माणसांचे जबडे ओळीने मांडलेले. टिचकीने त्यांना नावं दिली होती: जांभईवाला, रागीट काकू, गुपचूप हसणारा. आत्या मेणात एकेक दात बसवायची, मान तिरकी करून बघायची आणि तो पुन्हा काढायची. ‘‘एकदम पांढरे, एकदम सरळ दात लावले ना, की माणूस खोटा दिसतो,’’ ती म्हणायची. ‘‘जरासा पिवळा, जरासा तिरका. मग आरशात बघून त्याला वाटतं, हा मीच.’’

मामाचं दुकान एवढंसं होतं. दोघं आत असली तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं. भिंतीभर किल्ल्या टांगलेल्या, आणि मधोमध मामा, डोळे मिटून, कुलपात तार घालून बसलेला. ‘‘जोर लावायचा नाही,’’ तो सांगायचा. ‘‘बोट ठेवायचं आणि गप्प बसायचं. कुलूप स्वतःच सांगतं कुठे दुखतंय ते.’’ पहिल्यांदा टिचकीच्या हातात कुलूप ‘खट’ करून सुटलं, तेव्हा ती आनंदाने एवढी उडाली की छताला लटकलेल्या दहा-बारा किल्ल्या डोक्यावर घेऊनच खाली आली.

असं सगळं सुखात चाललेलं असताना, शुक्रवारी बाराच्या सुमारास आत्याचा फोन वाजला.

आत्याचे हात मेणात होते. म्हणून टिचकीने फोन स्पीकरवर टाकला.

‘‘हॅयो,’’ पलीकडून आवाज आला. ‘‘मी हेअसर ओलतोय.’’

‘‘कोण?’’

‘‘हेअसर! माझे आत आत आहेत!’’

‘‘कोण आत आहे?’’ आत्या घाबरली. ‘‘कुणी अडकलंय का?’’

‘‘आत! आत! एतीच्या आत!’’

टिचकीने आवाज ओळखला. हे हेडसर, तिच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. थोडी कसरत केल्यावर उलगडा झाला. सरांचे दात पेटीच्या आत होते. पेटी बायकोची, लोखंडी, कुलूप लावलेली, आणि किल्ली हरवलेली. संध्याकाळी पाच वाजता जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि मुख्य भाषण सरांचं होतं.

‘‘सर, पाच तासांत नवी कवळी होत नाही,’’ आत्या म्हणाली.

पलीकडून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. आत्याचं मन मेणाचंच. ‘‘बरं बरं, येते मी अडीच वाजता. बघू काय करता येतं. टिचके, चल माझ्याबरोबर.’’

‘‘आज टायपिंगची परीक्षा आहे,’’ टिचकी म्हणाली आणि सटकली.

दोन वाजता ती मामाच्या दुकानात पोहोचली. मामा दारातच उभा होता. दोन दिवसांपूर्वी शटरमध्ये सापडलेल्या त्याच्या उजव्या अंगठ्याला वांग्याएवढं बँडेज होतं.

‘‘पिशवी उचल,’’ तो म्हणाला. ‘‘काम आलंय. माझा अंगठा असा, म्हणजे हात तुझेच लागणार. फोनवर कोण होतं कळलं नाही, पण पत्ता त्यांच्या बायकोने नीट सांगितला. मला वाटतं बँकेची तिजोरी आहे. माणूस सारखा म्हणत होता, आत आहे, आत आहे.’’

टिचकीला कळलं, हे हेडसरच. पण एकाच दिवशी दुसरी सबब कुठून आणायची? ती पिशवी घेऊन मुकाट्याने निघाली.

सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या जिन्याच्या वळणावर, धापा टाकत, कठड्याला टेकून आत्या उभी होती.

‘‘अगंबाई,’’ आत्या म्हणाली. ‘‘परीक्षा संपली?’’

‘‘कसली परीक्षा?’’ मामाने विचारलं.

‘‘टायपिंगची.’’

‘‘ही टायपिंग कधी शिकते? दुपारभर माझ्याकडे असते.’’

‘‘तुमच्याकडे? भाऊ, ती सकाळभर माझ्याकडे असते!’’

‘‘सकाळी ती पोहायला जाते.’’

‘‘कुठे? माझ्या प्लॅस्टरच्या बादलीत?’’

दोघंही टिचकीकडे वळली. टिचकीने कठड्यावर एक टिचकी मारली. आवाज पोकळ आला.

‘‘ताई,’’ मामा हळूच म्हणाला, ‘‘तुम्हालाही सांगितलं का हिने, की कुणाला बोलू नका?’’

‘‘शनिवारपर्यंत,’’ आत्या म्हणाली.

ही दोघं टिचकीच्या आईबाबांच्या लग्नापासून एकमेकांशी सरळ दोन वाक्यं बोलली नव्हती. आज पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे टिचकीचे दोन कान. एक आत्याने धरला, एक मामाने. अशा थाटात ती वर पोहोचली.

दार सरांनी उघडलं. शाळेत ज्यांच्या आवाजाने खिडक्यांची तावदानं थरथरायची, ते सर आज बाळासारखे दिसत होते. गाल आत, हनुवटी वर. मागे त्यांची बायको, काकू, कमरेवर हात ठेवून शांत उभ्या.

‘‘पेटी माझ्या आईची आहे,’’ काकूंनी बजावलं. ‘‘भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, ठोकायचं नाही.’’

‘‘पण दात कुलपात का ठेवले?’’ आत्याने विचारलं.

‘‘यांनी कालपासून त्या दातांनी अक्रोड फोडायला घेतले होते. म्हटलं, भाषणापर्यंत तरी नीट राहू देत.’’

‘‘खोअं!’’ सर ओरडले.

मामाने वाकून कुलूप बघितलं आणि शीळ घातली. जुनं, आतून चार पात्यांचं, चारही पाती एकेक करून उचलली तरच सुटणारं. त्याने टिचकीला पेटीसमोर बसवलं, कातड्याचं पाकीट पुढे ठेवलं, आणि आत्या व सरांना घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. गर्दीत कुलूप बोलत नाही, असं त्याचं मत होतं. काकू मात्र टॉर्च धरायला थांबल्या.

टिचकीने तार घातली, डोळे मिटले. पहिलं पातं लागलं. दुसरं निसटलं. तिने डोळे उघडले, आणि टॉर्च धरून वाकलेल्या काकूंच्या गळ्यात, दोऱ्याला, एक छोटी जुनाट किल्ली झुलताना तिला दिसली.

‘‘काकू,’’ ती कुजबुजली, ‘‘किल्ली हरवलीय ना?’’

‘‘हरवलीय.’’

‘‘मग ही गळ्यातली?’’

‘‘ती मला सापडत नाहीये,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पाच वाजून गेले की सापडेल. बाळ, तू गेल्या वर्षीचं भाषण ऐकलं नाहीस. तीन तास. दोन माणसं खुर्चीत झोपली, तिसरी मी.’’

टिचकीने तिथल्या तिथे आरडाओरडा करायला हवा होता. पण मग काकू किल्ली लावणार, पेटी उघडणार, आणि हे चार पात्यांचं कुलूप तिच्या हातून जाणार. असं कुलूप काय रोज भेटतं? तिने ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा तार घातली.

‘‘शहाणी मुलगी,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तसंही ते तुझ्याने उघडणार नाही.’’

हे त्यांनी बोलायला नको होतं.

पाऊण तास गेला. टिचकीच्या मानेला रग लागली, नाकावरून घाम ओघळला. तिसरं पातं हललं. चौथं अडलं. तिने श्वास रोखून बोट जरासं, केसभर, मागे घेतलं आणि... खट.

बाहेरून मामाची आरोळी ऐकू आली. त्याने भिंतीपलीकडूनही तो आवाज ओळखला होता. काकूंनी टॉर्च विझवला आणि म्हणाल्या, ‘‘आता शिक्षा म्हणून पहिल्या रांगेत बसायचं.’’

पेटीत, रुमालात गुंडाळलेली, सरांची कवळी होती. सरांनी ती घाईघाईने तोंडात बसवली, आणि टिचकीच्या डोळ्यांदेखत बाळाचा माणूस झाला. गाल भरले, जबडा ताठ झाला, भुवयासुद्धा दोन बोटं वर गेल्यासारख्या वाटल्या.

‘‘शाबास!’’ सर गरजले. पण त्या ‘श’बरोबर बारीकशी शिट्टी वाजली.

मेळाव्यात टिचकी, आत्या, मामा आणि काकू, ही चौघं खरोखरच पहिल्या रांगेत होती. ‘‘सर्व स्नेही, सहकारी, सुहृद,’’ सरांनी सुरुवात केली आणि सभागृहात किटली उकळत असल्यासारखा आवाज झाला. मागची मुलं खिदळली. मामा अंगठा वर धरून शेजाऱ्याला सांगत होता, ‘‘चार पाती, नुसत्या तारेने, माझ्या भाचीने.’’ टिचकीने ते ऐकलंच नाही. ती सरांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. वरचे पुढचे दोन दात जरा बाहेर बसलेत. त्यांच्यामागे हवा सुटते. पाव मिलिमीटर आत घेतले तर? की मागचा भाग थोडा जाड करावा? पण मग ‘त’ बिघडेल. दोन तास चाळीस मिनिटं ती ते दात मनातल्या मनात काढून पुन्हा बसवत होती. मधे आत्याने तिच्याकडे तिरकं बघितलं.

भाषण संपल्यावर घरी आई, बाबा, आत्या आणि मामा जेवणाच्या टेबलाभोवती एका बाजूला बसले, टिचकी दुसऱ्या बाजूला. जिन्यातली हकीकत आईबाबांपर्यंत पोहोचली होती.

‘‘चौघांना फसवलंस,’’ आई म्हणाली. ‘‘लाज नाही वाटली?’’

‘‘वाटली. रोज. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा.’’

बाबांना हसू आलं. आईने बघितल्यावर ते खोकले.

‘‘उद्या सांगते,’’ टिचकी म्हणाली. ‘‘या वेळी सगळ्यांना एकच.’’

सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती मामाच्या शटरपाशी जाऊन बसली. हातात परत द्यायला आणलेलं कातड्याचं पाकीट होतं. मामाने ते बघितलं आणि त्याला कळलं. तो शटर वर करायला लागला. एका हाताने जमेना, तेव्हा टिचकीने हात दिला.

‘‘एवढं कठीण कुलूप उघडलंस,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘मला सहा वर्षं लागली होती तिथपर्यंत यायला.’’

‘‘मज्जा आली मामा. शप्पथ. पण ते उघडलं आणि माझ्या डोक्यातून गेलं. त्याच्यावर काय नक्षी होती विचारलंस तर मला आठवत नाही.’’

‘‘आणि दात?’’

‘‘दात मला अजून सोडत नाहीयेत. अर्धवट झोपेतसुद्धा ती शिट्टी ऐकू येत होती. मला वाटतंय, आत्ता जाऊन सरांना म्हणावं, सर, काढा, द्या इकडे.’’

मामा बराच वेळ बँडेजचं टोक सोडत आणि पुन्हा गुंडाळत बसला. त्याचा चेहरा पडला होता, आणि त्याने तो लपवलाही नाही. टिचकीला वाटलं, हे खोटं बोलण्यापेक्षा फार अवघड आहे.

‘‘मला राग आलाय,’’ मामा म्हणाला.

‘‘किती दिवस राहील?’’

‘‘बघतो. आठ-दहा दिवस तरी ठेवावा लागेल. नाहीतर माझी काही किंमतच नाही.’’ मग तिने समोर ठेवलेलं पाकीट त्याने पुन्हा तिच्याकडे सरकवलं. ‘‘हे ठेव. दातांच्या फटीतही बारीक हत्यार लागतच असेल. आणि ऊठ आता, साडेदहा झाले. बाराला खिडकी बंद होते.’’

तंत्रशाळेच्या खिडकीसमोर रांग होती. टिचकीने फॉर्मच्या चौकोनात ‘दंततंत्रज्ञ’ लिहिलं. पहिल्यांदा ‘ज्ञ’ चुकला, तो खोडून पुन्हा लिहिला. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म उलटसुलट बघून शिक्का उचलला.

‘‘थांबा,’’ टिचकीच्या खांद्यावरून मान पुढे काढत मामा म्हणाला. ‘‘त्या चौकोनात एक शब्द अजून मावेल. मी बारीक अक्षरात लिहितो.’’

‘‘तुम्ही कोण?’’ बाईंनी विचारलं.

‘‘मी रागावलेला मामा.’’

‘‘मग बाजूला रागवा,’’ बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.