अनिमेषसाठी मस्टँग

मधुसूदन टिपणीसांच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला साक्षात ब्रह्मदेव आला, तरी ते त्याला चहा पाजून परत पाठवतील. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांच्या डोक्यात शिरली ती अमेरिकन स्पोर्ट्स कार. स्वतःसाठी नव्हे. त्यांना जन्मात साधी स्कूटर धड चालवता आली नव्हती. गाडी हवी होती मुलासाठी, अनिमेषसाठी, जो शिकायला म्हणून अमेरिकेत गेला, तिथलाच झाला आणि गेली कित्येक वर्षं ठाण्याला फिरकला नव्हता.

"लहानपणापासून गाड्यांचं वेड त्याला," ते क्षिप्राला म्हणाले. "इथे त्याची गाडी उभी असली ना, की येईल तो. दरवर्षी येईल. पुढेमागे राहीलसुद्धा. तू जरा बघ. तुला त्यातलं कळतं."

क्षिप्रा त्यांची मुलगी, अनिमेषहून थोरली. डोंबिवलीला मानपाडा रोडवर राहायची, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळायची आणि दर रविवारी ठाण्याला नौपाड्यात येऊन आईबाबांची औषधं, बिलं, गळके नळ असं सगळं मार्गी लावायची. तिने हातातली औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि "बघते" म्हणाली. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. कारण गाड्यांचं वेड अनिमेषला कधीच नव्हतं. ते तिला होतं.

टिपणीस वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. साहेबांकडे येणारी परदेशी मासिकं जुनी झाली की ते अनिमेषसाठी घरी आणत. अनिमेष ती उघडायचाही नाही. त्याला क्रिकेटपुढे काही सुचत नसे. क्षिप्रा मात्र कात्री घेऊन बसायची. मस्टँग, कॉर्व्हेट, कॅमॅरो, कोणत्या साली कोणत्या गाडीचे दिवे बदलले हे तिला बे एकं बे सारखं पाठ होतं. चित्रं डकवायला जागा मिळाली ती अनिमेषच्या कपाटाच्या दाराची, कारण तिला स्वतःचं कपाट नव्हतं. पाहुणे आले की बाबा ते दार उघडून म्हणत, "अनिमेष, सांग बघू ही कुठली गाडी?" अनिमेष पडद्याकडे बघायचा आणि पडद्यामागून क्षिप्रा हळूच नाव सांगायची. मग पाहुणे वा म्हणायचे, बाबांची छाती फुगायची. तेव्हा तिला त्या खेळाची गंमत वाटायची. पोरं ती, त्यांना काय कळतं. पुढे दहावीनंतर तिने मेकॅनिकल डिप्लोमाचं नाव काढलं तेव्हा बाबा हसले होते. "गॅरेजात जाणार का हात काळे करायला?" ती कॉमर्सला गेली, आणि गंमत तिथेच संपली.

"सांग ना त्यांना," तिची आई, सुमती, स्वयंपाकघरात हळूच म्हणाली.

"तू का नाही सांगितलंस इतकी वर्षं?"

"मला कधी विचारलं का कुणी?" सुमतीबाईंनी भाजी निवडता निवडता म्हटलं, आणि विषय तिथेच राहिला.

क्षिप्राने सांगितलं नाही, त्याला कारण होतं. आजवर तिला भेटणारे बाबा म्हणजे वर्तमानपत्राआडून "गोळ्या आणल्यास का" विचारणारे बाबा. आता ते रविवारी सकाळी तयार होऊन तिची वाट बघू लागले. दोघं मिळून गाड्या बघायला जाऊ लागले. रिक्षात ते तिला विचारायचे, ही जुनी बरी की नवी, आठ सिलिंडर म्हणजे नेमकं काय, आणि ती सांगायची. तिचं बोलणं ते मान हलवत ऐकायचे. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला यात एवढं सुख का वाटावं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. तिला फार काही नको होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, तिच्याकडे बघून म्हणावं की अगं, हे वेड तर तुझं. सांगून टाकलं असतं तर त्यांनी ते नुसतं ऐकलं असतं. तिला ते त्यांच्या आपणहून लक्षात यायला हवं होतं.

कोपरीला एका जुन्या बैठ्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली साठच्या दशकातली मस्टँग होती. मालक आनंदा ती सिनेमावाल्यांना भाड्याने द्यायचा. ताडपत्री सरकली. कपाटाच्या दारावरचं चित्रच जणू. ती गुडघ्यांवर बसली, दाराखालच्या पत्र्यावर नाण्याने टकटक केलं. आवाज बोदा आला. पत्रा गंजून गेलेला, वर लांबीचा लगदा भरून रंग मारलेला. बॉनेट उघडलं तर आत एका टेम्पोचं डिझेल इंजिन.

"ओरिजिनल पेट्रोल लई खायचं," आनंदा म्हणाला. "कुणाला परवडणार? पण शूटिंगला चालते ना, मॅडम. आवाज ते नंतर टाकतात."

बाबा म्हणाले, "दिसायला तर छान आहे. अनिमेषला आवडेल."

"नाही, बाबा. हिच्यात काही राहिलेलं नाही."

दुसरी मिळाली घोडबंदर रोडवर, जुन्या परदेशी गाड्या विकणाऱ्याकडे. नव्या जमान्यातली मस्टँग, लाल, थोडीशीच वापरलेली. पहिल्या खेपेला क्षिप्राने बॉनेटवर तळवा ठेवला तर ते कोमट होतं.

"मॅडम, एकदम मक्खन चालते. आत्ताच धुवायला काढलेली," विकणारा पोरगा म्हणाला.

धुवायला काढलेल्या गाडीवर धूळ होती. इंजिन आधीच गरम करून ठेवलं की थंड असतानाची खरखर लपते, हे तिला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी ती बाबांना घेऊन न कळवता, दुकान उघडायच्या वेळेला जाऊन थडकली. बॉनेट गार होतं. गाडी चालू केली तेव्हा ती दोन क्षण गुरगुरली आणि मग खोल, सारख्या आवाजात स्थिरावली. खरखर नव्हती, पोराने उगाच लबाडी केली होती. क्षिप्राच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी ते पाहिलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हो ना? किती खूश होईल बघ तो."

टिपणीसांनी पूर्वी डोंबिवलीत घेऊन ठेवलेला, बंद पडून राहिलेला ब्लॉक विकून पैसे उभे राहिले. विक्रीच्या कागदांवर, हरकत नाही म्हणून, क्षिप्रानेही सही केली.

खरा घोळ झाला तो गाडी घरी येताना. नव्या गाडीची पूजा, नारळ, चाकाखालची लिंबं, हे सगळं आपल्याकडे ज्याची गाडी त्याच्या हातून होतं. टिपणीसांनी ठरवलं की हा मान अनिमेषचा, आणि पूजेआधी चाक स्वतःच्या दमाने फिरता कामा नये. म्हणून गाडी मोठ्या टोइंगच्या गाडीवर चढून आली आणि सोसायटीच्या पोरांनी न्यूट्रलवर ढकलत ढकलत ती बिल्डिंगखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये नेऊन लावली. पाचशे घोड्यांची म्हणून घेतलेली गाडी चार पोरं ढकलतायत, हे बघून सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी होती.

"बाबा, उभ्या गाडीची बॅटरी जाते. टायर बसतात. मी आठवड्यातून एक चक्कर मारत जाईन, तीन हात नाक्यापर्यंत," क्षिप्रा म्हणाली.

"छे. पहिला मान त्याचा. तू नुसती चालू करून ठेवत जा."

मग दर रविवारी औषधं वर देऊन ती खाली यायची, कव्हर काढायची, ड्रायव्हरच्या सीटवर बसून गाडी चालू करायची. हात स्टिअरिंगवर, समोर सोसायटीची पांढरी भिंत. पायाखाली सगळी ताकद थरथरत असायची आणि गाडी बोटभरही हलत नसे. कधी वाटायचं, घालावा गिअर आणि जावं. कोण अडवणार होतं? पण ती टिपणीसांची मुलगी होती, सांगितलेलं ऐकणारी. ठरलेला वेळ झाला की ती चावी फिरवायची, कव्हर घालायची आणि डोंबिवलीला परत जायची.

डिसेंबरात अनिमेष आला, एकटाच. सुमतीबाईंनी सोड्याची, सुक्या कोळंबीची खिचडी केली, ती त्याने दोनदा मागून खाल्ली. जेवणं झाल्यावर बाबा सगळ्यांना खाली घेऊन आले. सुमतीबाईंच्या हातात पूजेचं ताट होतं. बाबांनी स्वतः कव्हर ओढलं.

"बाप रे. ही कुणाची?" अनिमेषने विचारलं.

"तुझी."

अनिमेष आधी हसला. मग बाबांचा चेहरा बघून थांबला. "बाबा, अहो, मला कुठे गाड्यांचं काय आहे? तिकडे साधी बॅटरीवरची आहे, तीसुद्धा बायकोच चालवते. हे सगळं ताईचं होतं. ती मागून सांगायची, मी नुसता बोलायचो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. गंमत आठवावी तसं तो बोलला. क्षिप्राने मात्र बाबांकडे पाहिलं. कुणीतरी ते उच्चारलं होतं. बाबांनी मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. चांगलं नीट पाहिलं. आता, तिला वाटलं. आता म्हणतील.

"असं होय," बाबा म्हणाले. थोडा वेळ ते गाडीकडे बघत राहिले. अंगातली हवा कुणी काढून घ्यावी तसे ते एकदम म्हातारे दिसायला लागले. "मग काय उपयोग. विकून टाकू. क्षिप्रा, गिऱ्हाईक तूच बघ. तुला त्यातलं कळतं."

"अहो, मग तिलाच द्या ना," सुमतीबाई म्हणाल्या. नवऱ्याला सगळ्यांदेखत असं त्या उभ्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या.

"हिला?" बाबांना खरंच कळलं नाही. त्यात राग नव्हता, कंजुषी नव्हती, आणि तेच वाईट होतं. "ही काय करणार एवढ्या गाडीचं? डोंबिवलीत लावायला तरी जागा आहे का?"

"ताई, घे ना खरंच," अनिमेष म्हणाला. "मी देतो तुला."

"नको मला," क्षिप्रा म्हणाली. आईच्या हातातलं ताट तिने घेतलं आणि ती जिन्याने वर गेली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, बाबांना माहीत नाही म्हणून ते तसे आहेत. आता त्यांना माहीत होतं आणि काहीही बदललं नव्हतं. धरून ठेवायला आता काही उरलं नव्हतं.

अनिमेष ठरल्या तारखेला गेला. पुढच्या वर्षी येईन असं तो म्हणाला नाही आणि कुणी त्याला विचारलंही नाही. बाबा पुन्हा वर्तमानपत्राआड गेले. क्षिप्राने गिऱ्हाईक शोधलं. कल्याणचा सहदेव नावाचा हॉटेलवाला. तो एका रविवारी ठाण्याला आला, गाडीभोवती फिरला, आत वाकून बघितलं. क्षिप्राने त्याच्यासमोर इंजिन चालू केलं आणि तो आवाज ऐकून त्याने खूश होऊन मान डोलावली.

"ताई, तुम्ही जपलेली दिसते," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला खरं कुणी सांगत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो. रस्त्यावर कशी पळते ही?"

बाबा शेजारीच उभे होते. क्षिप्राने इंजिन बंद केलं आणि चावी त्याच्या हातात दिली.

"छान पळते," ती म्हणाली.