भुवईवरची खूण

वाळत घातलेला ज्वारीचा बिबडा उलटवायचा सोडून मयुरी गच्चीच्या कठड्याशी गेली. गल्लीपलीकडे, तिच्या स्वतःच्या घराच्या ओट्यावर, तिची स्वतःची आई मिसबाहच्या डोक्याला तेल लावत होती.

नुसतं बोट बुडवून लावणं नाही. शेजारी वाटी, वाटीत कोमट केलेलं तेल, आणि भांग पाडून पाडून जिरवणं चाललेलं. मिसबाहने डोळे मिटून मान अशी सैल सोडली होती, जशी काही जन्मापासून त्याच ओट्यावर वाढली. मयुरीला आईच्या हातचं तेल मिळून महिना झाला होता. ‘दहावीत आहेस, आता आपली वेणी आपण घालावी,’ असं आई म्हणाली होती. मिसबाह तर अकरावीत होती.

“बठ्ठा बिबडा कावळा खाई जातीन वं,” जिन्यातून धुरपदाअक्कांचा आवाज आला. “तुनं ध्यान कोठे शे?”

“इथंच आहे, अक्का.”

“आठे ऱ्हातं तर कावळाले दिसतं.”

अक्कांचं माहेर धुळ्याकडचं. वरणगावात चाळीस वर्षं काढूनही बोली तिकडचीच, आणि टोमणेही. मयुरीने हातातला बिबडा कावळ्यावरच भिरकावला आणि पुन्हा कठड्याशी आली.

सोमवारपासून ती अक्कांकडे राहत होती. तिची आई कमल घरातच पाळणाघर चालवायची. नवरा-बायको दोघंही ड्युटीवर जाणारी घरं गावात पुष्कळ, त्यामुळे मुलं दहा-बारा तरी असतच. सोमवारी सकाळी दोन वर्षांच्या कुंदनच्या पोटावर पाण्याने भरलेले फोड दिसले आणि दुपारपर्यंत आणखी दोघांना निघाले. कमलने घटकाभरात व्यवस्था लावली. धडधाकट मुलांच्या आईबापांना बोलावून, कांजिण्या आल्यात हे स्पष्ट सांगून, मुलं तीन आठवडे घरी ठेवायला लावली. ज्या तिघांना निघाल्या होत्या त्यांच्या घरी दिवसा कोणीच नसायचं. त्यांना मागच्या खोलीत घेतलं. आणि त्या खोलीत कोणी जायचं ते ठरवायला तिने आपला जुना नियम काढला. खूण दाखवा. अंगावर कांजिण्यांचा वण असेल, त्यालाच आत पाऊल टाकता येईल. तिच्या स्वतःच्या कपाळावर दोन होते. मयुरीच्या अंगावर तीळ सतरा होते, वण एकही नव्हता.

मिसबाह दोन वर्षांपासून मदतीला यायची. कमलने तिच्या डाव्या भुवईवरच्या खळग्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “तुला येऊन गेल्यात की. तू थांब.”

तू थांब. एवढंच. आणि मयुरीला मात्र त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेऊन लस टोचली.

“फोडवाल्या मुलाजवळ गेल्यापासून पाच दिवसांच्या आत घेतली तर बहुतेक टळतं,” डॉक्टर म्हणाले होते.

त्या ‘बहुतेक’वर आईचा विश्वास बसेना. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. मयुरीची रवानगी वह्या-पुस्तकांसकट समोर झाली. अक्कांच्या चेहऱ्यावर वणांना तोटा नव्हता, त्यामुळे त्यांना कसली भीती नव्हती.

तेव्हापासून मयुरी इतिहासाचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून गल्लीपलीकडचा वर्तमान वाचत होती. आई मिसबाहला ‘माझा उजवा हात’ म्हणते. आई मिसबाहच्या हातचं पिठलं दोनदा मागून घेते. आणि कुंदन, जो मयुरीच्या खांद्याशिवाय झोपत नसे, तो कुंदनसुद्धा खाजवून खाजवून रडायला लागला की आता ‘मिबा, मिबा’ करतो. दोन वर्षांचा माणूस, पण त्यालाही पलटायला दोन दिवस पुरले.

त्याच दुपारी, बुधवारी, मिसबाहची दादी, रहिमाबी, मिठाईचा पुडा घेऊन अक्कांकडे आली. तिच्या थोरल्या नातवाला, मिसबाहच्या भावाला, शेहजादला मुलगा झाला होता. सहा दिवसांचं बाळ घरात होतं. अक्का चहा टाकायला आत गेल्या.

“मिसबाह आमच्याकडेच असते दिवसभर,” मयुरी म्हणाली. म्हणायचं होतं वेगळंच.

“हो ना बेटा. पाळणाघर तर बंद आहे म्हणे, पोरं घरी पाठवली. गोधड्या-चादरी धुवायच्या आहेत म्हणून जाते. कमलला तेवढाच हातभार.”

मयुरीने मिठाईचा तुकडा तोंडाशी नेता नेता थांबवला. मिसबाहने घरी कांजिण्यांचं सांगितलंच नव्हतं. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “दादी, तिच्या भुवईवर वण आहे ना, तो कांजिण्यांचा?”

“छे गं.” रहिमाबी हसली. “तिला कुठे निघाल्या कधी? शेहजादला निघाल्या, तेव्हा हिला भुसावळला मामाकडे ठेवली होती. हे तर कथील. तेव्हा नईम कल्हई करायचा ना, तर ही सारखी बापाच्या भट्टीजवळ. उडाला एक थेंब. डोळा वाचला, शुक्र आहे.”

अक्का चहा घेऊन आल्या आणि गप्पा बाळाच्या नाकावर गेल्या.

मयुरी गच्चीवर जाऊन बसली. आत्ताच्या आत्ता गल्ली ओलांडून सांगितलं तर काय होईल? मिसबाहला एक सुई टोचतील, आई म्हणेल ‘बिचारी’, आणि वर बदामाचं दूध देईल. पण नाहीच सांगितलं तर? बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तिने बोटांवर मोजलं. शनिवारी सांगितलं तर सुईचा उपयोग नाही. मग त्या गोऱ्या गोऱ्या चेहऱ्यावर... पुढचं वाक्य तिने मनातसुद्धा पूर्ण केलं नाही. पण ते गोळीसारखं गालात धरून ठेवलं.

गुरुवार तसाच गेला. अक्कांनी दोनदा कपाळाला हात लावून पाहिलं.

“ताप नही शे. मंग जेवत का नही वं?”

“पोट भरलंय.”

“कशानी?”

शुक्रवारी सकाळी कोवळ्या उन्हात गल्लीच्या टोकाला मिसबाह आपल्या दारात बसलेली दिसली. मांडीवर बाळ होतं. तिने त्याचं टोपडं काढलं, टाळूवर नाक टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. जणू वास घेऊन ठेवत होती, दिवसभरासाठी.

मयुरी चप्पल न घालताच जिना उतरली.

तिच्या घराचा उंबरा तिला बंद होता, म्हणून तिने अंगणातूनच हाक मारली. आई हात पुसत आली.

“आई, मिसबाहला कांजिण्या आलेल्याच नाहीत.”

“मयुरी, पुरे हं आता. मागच्या आठवड्यात तिचं वरण खारट होतं. त्याआधी तिच्या पायांना वास येत होता.”

“तो वण कथिलाचा आहे. रहिमाबीला विचार. आणि आज पाचवा दिवस आहे.”

 आईने पदर खोचला, समोरून अक्कांना बोलावून मागची खोली त्यांच्या हवाली केली आणि तशीच गल्लीच्या टोकाकडे निघाली. पाच मिनिटांत मिसबाहला घेऊन रिक्षा डॉक्टरांकडे गेली.

दुपारी सगळी कथा गल्लीतच सांगून झाली. लस वेळेत मिळाली होती. तरी डॉक्टरांनी बजावलं होतं की फोड निघालेच तर पुढच्या आठवड्यापासून निघतील, तेव्हापासून पुरते एकवीस दिवस भरेपर्यंत तान्ह्या बाळाजवळ जायचं नाही. कमल म्हणाली, पुढच्या आठवड्याची वाट कशाला? मिसबाह आजपासूनच माझ्याकडे राहील, पुढच्या खोलीत. मयुरीची खाट रिकामीच आहे.

मयुरीने ते ऐकलं. स्वतःच्या तोंडाने जाऊन स्वतःची खाट दिली होती तिने.

“पण तू बोलली का नाहीस गं?” कमलने मिसबाहला विचारलं.

मिसबाहने ओढणीच्या टोकाला गाठ मारली. “तुम्हीच म्हणालात काकू, येऊन गेल्यात. म्हणालात, तू थांब.” मग गाठ सोडवत ती म्हणाली, “घरी बाळ आल्यापासून मला कोणी थांब म्हटलं नव्हतं.”

कमलने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग रहिमाबीकडे वळली. “आमच्या मयुरीमुळे निभावलं हो. सकाळी कळलं काय आणि पोर अनवाणी धावत आली काय.”

रहिमाबीने डोळे पुसत मयुरीच्या कानशिलांवरून हात उतरवून कडाकडा बोटं मोडली. महिनाभर जे ऐकायला मयुरीचे कान आसुसले होते, ते सगळ्या गल्लीदेखत बोललं गेलं होतं. तिने पायाच्या बोटांकडे पाहिलं. पायाला माती लागली होती.

माणसं पांगली. आई कुंदनला औषध लावायला आत गेली. मिसबाह ओट्यावर, मयुरी गल्लीत. मधे चार पावलं.

“दादीने बुधवारीच सांगितलं होतं मला,” मिसबाह हळूच म्हणाली. “तू भुवईचं विचारलंस म्हणून.”

मयुरी एका पायाची माती दुसऱ्या पायाने घासू लागली.

“मी वाट बघत होते, तू कधी सांगतेस त्याची.” मिसबाहने टोचलेल्या दंडावरची बाही खाली ओढली. “काकूंना बोलले नाही मी. बोलणारही नाही.”

म्हणजे इथंही हीच पुढे. मयुरीला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. तिने ते मनगटाने पुसलं आणि चार पावलं पुढे जाऊन ओट्याची कड धरली.

“आई,” तिने हाक मारली. “जरा बाहेर ये. मला ते आज सकाळी नाही, बुधवारीच कळलं होतं.”