लाल पट्ट्याचा खडक

आमच्या साहेबांनी हिमनदी मोजली. स्वतः, जातीने! पंधरा वर्षं खुर्ची उबवली, एकदा डोंगर चढले आणि कचेरीत अकलेचे तारे तोडले: बर्फ मागे हटत नाहीच, उलट वर्षभरात पंच्याहत्तर मीटर पुढे आलाय. म्हणून बाबांच्या वह्या रद्दीत घाला.

बाबांनी चाळीस वर्षं दर उन्हाळ्याच्या शेवटी लाल पट्ट्याच्या खडकापासून बर्फाच्या कडेपर्यंत टेप लावून अंतर वहीत लिहिलं. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी मी लागले. साहेबांचा शोध ऐकून ते दोन दिवस धड जेवले नाहीत.

"चाळीस वर्षं मी चुकीचंच मोजलं का गं?"

माझं डोकं फिरलं. मी शेवटची वही उघडली. साहेबांनी तिच्यातला फक्त शेवटचा आकडा पाहिला होता, एकशे छत्तीस. स्वतः मोजले एकसष्ट. केली वजाबाकी, झाले शास्त्रज्ञ. पहिलं पान उलटायचे कष्ट कोण घेणार? तिथे बाबांनी लिहिलं होतं: 'टेप पुरत नाही, म्हणून वरच्या खडकावर दुसरा पट्टा मारला. दोन खडकांत अंतर चौऱ्याऐंशी मीटर. ते दरवेळी मिळवावे.' साहेबांनी मोजलं होतं ते या वरच्या खडकापासून, चौऱ्याऐंशी न मिळवताच.

दुसऱ्या दिवशी साहेबांना वर नेलं. खाली गवत बाजूला करून पहिला खडक दाखवला.

"जुने दगड काय दाखवतेस?" म्हणत ते पुढे गेले आणि वरच्या खडकावर धापा टाकत बसले.

मी खालच्या खडकापासून टेप लावला, एकसष्ट मीटरवर काठी रोवली आणि त्यांच्यापाशी गेले.

"साहेब, वहीतले एकशे छत्तीस त्या खालच्या खडकापासूनचे. तुमचा बर्फ पंच्याहत्तर मीटर पुढे आला, म्हणजे त्या काठीपर्यंत पोचला. काठी तुमच्या खाली तेवीस मीटर. मग तुम्ही बसलाय तो खडक बर्फात गाडलेला हवा."

साहेब उठले, पँट झटकली. "वह्या राहू देत," म्हणाले. माफीचा एक शब्द नाही. असल्या माणसाकडून अपेक्षाही नव्हती.

घरी आले तेव्हा बाबा दारातच उभे होते.

"तुम्हीच बरोबर होतात, बाबा. एकसष्टात चौऱ्याऐंशी मिळवले, यंदा एकशे पंचेचाळीस."

त्यांनी वही मागून घेतली, आकडा लिहिला आणि त्यातून गेल्या वर्षीचा वजा केला.

"एका वर्षात बर्फ नऊ मीटर मागे गेला," ते म्हणाले. "मीच चुकलो असतो तर बरं झालं असतं गं."