शिस्टरच्या नातवाची पाचवी

केशरबाईंनी बोटातली अंगठी काढली, पदराला पुसली आणि चांदीच्या वाटीतल्या मधात बुडवली.

"विहीणबाई, जरा धरा बाळाला," त्या म्हणाल्या.

चारुलताबाईंनी धरलं. बाळाला जन्मून दोन तास झाले होते. गेली दहा वर्षं चारुलताबाई खाडीकाठच्या गावांतून आणि नव्या शहराच्या ब्लॉकांतून एकच गोष्ट सांगत हिंडल्या होत्या. जन्मलेल्या बाळाला मध नको, गूळपाणी नको, आईचा पहिला चीक टाकू नका, तेच त्याचं पहिलं औषध. आता त्यांच्याच हातांत त्यांचा नातू होता, आणि कराडहून आलेला मध त्याच्या ओठांपासून बोटभर अंतरावर होता.

त्यांनी वॉर्डातल्या खाटेवरच्या लेकीकडे पाहिलं. वैशालीने 'नको' अशी मान हलवली, अगदी थोडी. ही मान हलवणं गेला महिनाभर चाललं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून वैशाली नेरूळला आली त्याच दिवशी तिने आईला बजावलं होतं, की सासूबाई आल्या की तू शिस्टरगिरी करायची नाहीस. लग्नाच्या बोलणीत केशरबाईंनी दोनदा विचारलं होतं, "मुलीची आई नर्स आहे म्हणजे रात्रीची बाहेर असते का?" असायच्या. वैशालीची शाळा संपेपर्यंत त्यांनी रात्रपाळी मागून घेतली होती, दुपारी पोर घरी येईल तेव्हा दार उघडायला कोणीतरी असावं म्हणून. झोप त्यांनी आयुष्यभर हप्त्याहप्त्याने घेतली. पण हे केशरबाईंना समजावून सांगण्यासारखं नव्हतं. नंदकुमाररावांनी, म्हणजे चारुलताबाईंच्या यजमानांनी, त्या वेळी "सरकारी नोकरी आहे" एवढंच म्हणून विषय संपवला होता. त्यांचा संसारातला सहभाग साधारण एवढाच असे.

"आमच्यात पहिलं सोनं आणि मध. आजचा दिवस ह्याच्यावरच. अंगावर उद्या घ्यायचं," केशरबाई म्हणाल्या.

चारुलताबाईंनी बाळाचं डोकं नीट सावरून धरलं. बाळाने अंगठी चाटली आणि तोंड वेडंवाकडं केलं. केशरबाईंना ते हसू वाटलं.

त्याच वेळी दारात खाडीकाठच्या दिवाळे कोळीवाड्यातली गोजरा उभी होती. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती मुशी घेऊन आली होती. टोपलीतल्या मासळीचा वास वॉर्डात शिरला तशी केशरबाईंनी पदर नाकाला लावला. गोजराने वाटी पाहिली, अंगठी पाहिली, मग शिस्टरकडे पाहिलं. मासळी आयाच्या हातात दिली आणि निघून गेली. एरवी ती निघताना दहा मिनिटं बोलत असे.

बाळाला पुढे काहीही झालं नाही. जुलाब नाही, पोटदुखी नाही; दुसऱ्या दिवसापासून ते दूध असं ओढू लागलं की आया कौतुकाने बघत उभ्या राहत. आजी म्हणून चारुलताबाईंनी देवापुढे साखर ठेवली. शिस्टर म्हणून त्या बुडाल्या होत्या.

कारण दिवाळ्यात बातमी होडीच्या आधी पोहोचते.

दिवाळ्यातल्या त्यांच्या कामाचं कागदोपत्री नाव 'माता-पालक प्रबोधन वर्ग' असं होतं. पालक हा शब्द वडिलांसाठी घातला होता. वडील कधी आले नाहीत. एकदा एक आला, तो मेहुण्याला शोधत होता. वरच्या कार्यालयाने वर्गाची वेळ गुरुवार दुपारी तीन ठरवून दिली होती. पण होड्या गुरुवार बघून लागत नाहीत, भरती बघून लागतात, आणि होडी लागली की कोळणीला मासळीपुढे नवरासुद्धा दिसत नाही, मग शिस्टर कुठली. म्हणून चारुलताबाई वर्ग दोनदा घेत. एकदा गुरुवारी तीन वाजता रिकाम्या खोलीत, कार्यालयासाठी. आणि एकदा ओहोटीला, बायकांसाठी. पहिल्या वर्गाचं वरून एकदा कौतुकही झालं होतं.

नातवाच्या पाचव्या दिवशी ओहोटी दुपारची होती. संध्याकाळी घरी पाचवीची पूजा. सटवाईपुढे दोन्ही आज्या हव्यात, असं केशरबाईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. दिवे लागायच्या आत येते, असं म्हणून चारुलताबाईंनी दिवाळ्याला जायला बेलापूरची बस धरली.

वर्ग भरगच्च होता. एवढी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती. फक्त त्यात आई एकही नव्हती. सगळ्या सासवा होत्या. पाय पसरून, तंबाखू चोळत, बऱ्याच वर्षांनी दावा जिंकलेल्या माणसांसारख्या ऐसपैस बसल्या होत्या.

"शिस्टर, नातू बरा हाय ना?" एकीने विचारलं.

"बरा आहे."

"मद पचला?"

सगळ्या हसल्या. चारुलताबाईंनी पिशवी उघडली, पुन्हा बंद केली. शिकवायचं ते सगळं डोक्यात होतं, पण सुरुवात कुठून करायची ते सापडेना.

तेवढ्यात गोजरा दारात आली. आत आली नाही. तिची मुलगी पहिलटकरीण, माहेरी आलेली. सकाळीच सुटली होती. मुलगी झाली होती. आणि गोजराची सासू रखमा गूळपाणी करत होती. एरवी गोजरा तिला आडवी गेली असती. तसा शब्द तिने गेल्या महिन्यात शिस्टरला दिला होता, सासूच्या तोंडावर दिला होता, आणि त्यावरून घरात आठ दिवस अबोला झाला होता.

"आता मी कंच्या तोंडानं अडवू?" गोजराने विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यामुळे सासवांचेही तंबाखू चोळणारे हात थांबले.

"गोजरा, तिथे मी शिस्टर नव्हते गं. मुलीची आई होते."

"मंग आमी कोन हाव?" गोजरा म्हणाली. "आमी पन पोरीच्याच आया हाव ना?"

चारुलताबाई उठल्या. पाय सुजले होते, चपलेत शिरेनात. चपला हातात घेऊन त्या गोजराच्या मागे गेल्या.

रखमा उंबऱ्याशीच भेटली. हातात वाटी. वय झालेलं, पण नजर पक्की.

"तुमचा मद चालतो," ती म्हणाली, "आमचा गूल नाय चालत?"

"नाही चालत. माझाही चालत नव्हता. मी गप्प बसले."

रखमाने अशा उत्तराची तयारी केलेली नव्हती. ती बाजूला झाली नाही, आणि पुढेही गेली नाही. गोजरा तिच्या अंगावरून आत गेली आणि पोर आईच्या अंगावर लावायला घेतलं. चारुलताबाई बाहेरूनच सांगत राहिल्या, डोकं असं धर, घाई करू नकोस, पहिल्यांदा तोंडातून सुटतं, सुटू दे, पुन्हा लाव. मग त्या उंबऱ्यावर बसल्या. आता त्यांना ओलांडल्याशिवाय वाटी आत जाऊ शकत नव्हती, आणि सासू झाली तरी कुणाची विहीण असलेल्या बाईला ओलांडून जात नाही.

ऊन उतरलं. नेरूळला जाणारी एक बस गेली, मग दुसरी गेली.

त्यानंतर तीन वर्षांनी चारुलताबाई वारल्या. सोसायटीच्या फळ्यावर त्यांच्या निधनाची बातमी पाण्याच्या वेळापत्रकाच्या वर लिहिली होती, हा त्यांचा मानच म्हणायचा. कराडहून केशरबाई भेटायला आल्या. "माणूस फार चांगलं," त्या वैशालीला म्हणाल्या, "नर्स होत्या, पण आमच्यासमोर तसं कधी जाणवू दिलं नाही. फक्त नातवाच्या पाचवीला नव्हत्या." वैशालीने तेव्हाही मान हलवली. त्या संध्याकाळी आई कुठे होती, हे तिने एकदा विचारलं होतं. वर्ग लांबला, एवढंच उत्तर मिळालं होतं, आणि ते तिने सासूबाईंपर्यंत पोहोचवलंही होतं. त्यामुळे पुढची दोन वर्षं तिचं माहेरी येणं तेवढं कमी झालं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी रखमा बराच वेळ वाटी धरून उभी राहिली. मग गुडघ्यावर हात टेकत शिस्टरच्या शेजारी बसली.

"तुमचे घरी आज पाचवी ना?"

"हो."

"मंग?"

चारुलताबाईंनी बोटाने आत दाखवलं. आतून पोराच्या चुटूचुटू ओढण्याचा आवाज येऊ लागला होता. रखमाने तो थोडा वेळ ऐकला. वाटीतल्या गूळपाण्याकडे पाहिलं आणि ते स्वतःच पिऊन टाकलं.

खाडीवरून वारा सुटला. चारुलताबाईंनी पाय जवळ घेतले, बाळंतिणीला झोत लागू नये म्हणून दार अर्धं ओढून घेतलं, आणि त्या बाहेरच बसून राहिल्या.