दहा पावलं बर्फ

मेच्या पहिल्या रविवारी दुपारी दीड वाजता सॉर्लीला त्याच्याच बचाव पथकानं स्ट्रेचरवर बांधून बेन ग्लासाग डोंगरावरून खाली आणलं. त्याच्या पायांत आत्याचे लोकरी हातमोजे होते. चौदा माणसांनी हे पाहिलं. कोकराला बाटलीनं दूध पाजणाऱ्या एका मेंढपाळानं तर, मयत समजून, टोपीही काढली.

असं काहीही झालेलं नाही. सॉर्लीला विचारा, तोच सांगेल. तेव्हा आपण शनिवारपासून सुरुवात करू. शनिवारी त्याच्या पायांत बूट होते.

सॉर्ली एकतीस वर्षांचा. पोटासाठी मासे-पैदाशीच्या गोदामात काम करायचा, पण खरा जीव बचाव पथकात. तो पथकाचा चिटणीस होता. डोंगरातून कुणालाही सोडवून आणलं की अहवाल सॉर्ली लिहायचा, तो दारूच्या गुत्त्यातल्या फळ्यावर लागायचा आणि शुक्रवारी मोठ्यानं वाचला जायचा. प्रत्येक अहवालाचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं: ‘सदर इसमाकडे नकाशा होता, अक्कल नव्हती.’ हे वाक्य आलं की सगळा गुत्ता एका सुरात ते म्हणायचा. सॉर्लीच्या आयुष्यात याहून मोठं यश नव्हतं.

आणि एफी आत्या. वय एकोणसत्तर. चौतीस वर्षं खोऱ्यात घरोघर टपाल वाटलं, त्यात उजवा गुडघा कामी आला. दीड वर्ष वाट बघायला लावून इस्पितळानं तारीख दिली होती, येता गुरुवार.

“गुडघा बदलायच्या आधी जुन्याला एकदा वर नेऊन आणू,” आत्या म्हणाली. “इतकी वर्षं राबलाय बिचारा. निरोपसमारंभ नको?”

“आत्या, तुला जिना चढवत नाही.”

“जिना चढून काय दिसतं? माळा. रात्रभर वर राहायचं, सूर्य उगवताना बघायचा, खाली यायचं. तू नेतोस की मी एकटी जाऊ?”

ती एकटी गेली असती. म्हणून सॉर्लीनं नेलं, आणि निघताना आईला शब्द दिला की गुरुवारी आत्या इस्पितळात धडधाकट हजर असेल.

उत्तरेच्या सोंडेवरून त्यांना सात तास लागले. खाली हिरवळ फुटली होती, कोकिळा ओरडत होती. वर अजून बर्फाचे पट्टे होते. शेवटच्या तासात धुकं आलं. म्हणजे असं आलं की आत्या पुढे तीन पावलांवर होती आणि तिची काठी आत्याशिवाय चालल्यासारखी दिसत होती. सॉर्लीनं पथकाच्या शिस्तीत तिच्यामागे पावलं टाकली. मग धुक्यातून दगडांची रास पुढे आली. कमरेएवढी, वर पांढरा गारगोटीचा दगड. वाटसरू माथ्यावर पोचला की एकेक दगड टाकतो, त्याची ही रास.

“पोचलो,” सॉर्ली म्हणाला, आणि त्याचा श्वास मोकळा झाला.

पूर्वी या माथ्यावर दोन राशी होत्या, दिसायला सारख्या, दोन्हींच्या वर पांढरा दगड. खरी मध्यावर, आणि दुसरी पूर्वेच्या कड्याजवळ, लोकांना धुक्यात फसवणारी. ती दुसरी सॉर्लीनं गेल्या सप्टेंबरात स्वतःच्या हातांनी मोडली होती. अहवालात लिहिलंही होतं: ‘कुणा मूर्खाने रचलेली धोकादायक रास नष्ट केली.’ तेव्हा आता माथ्यावर रास एकच, आणि ती ही. खऱ्या राशीपासून पूर्वेला पन्नास पावलं गेलं की सपाट, कोरडी जागा लागते, आणि तिथून कडा अजून बराच लांब. हे त्याला झोपेतही पाठ होतं. त्यानं होकायंत्र धरलं, पन्नास पावलं मोजली. खाली छान सपाट, घट्ट बर्फ लागलं. सूर्य बघायचा म्हणून तंबूचं दार पूर्वेला ठेवलं, बूट दारापुढच्या आडोशात जोडीनं लावले. आत्यानं बूट काढलेच नाहीत. त्या गुडघ्यानं पुन्हा घालायचे तर अर्धा तास जातो.

ओटची बिस्किटं, चीज आणि कापडात बांधून उकडलेला मनुक्यांचा केक खाऊन ते आडवे झाले. बाहेर अजून उजेड होता. तेवढ्यात एक डोमकावळा ओरडला.

सॉर्ली उठून बसला. आवाज तंबूच्या तळाखालून आला होता.

“आत्या, ऐकलंस?”

“कावळा आहे.”

“खालून ओरडला.”

“मग खाली असेल. झोप.”

सॉर्ली पडून राहिला. पाठीला खालून वारा लागतोय असं वाटत होतं. बर्फाखालून वारा कसा येईल? येत नाही. हे त्यानं स्वतःला सुमारे दोनशे वेळा सांगितलं.

पाच वाजता उजाडलं आणि धुकं गेलेलं होतं. सॉर्लीनं दाराची चेन उघडून डोकं बाहेर काढलं. समोर त्याचे बूट होते, नीट, जोडीनं. बुटांपुढे हातभर बर्फ होतं. त्यापुढे काही नव्हतं.

चारशे मीटर खाली काळं तळं होतं, त्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. मधून डोमकावळा उडत गेला आणि सॉर्लीला त्याची पाठ दिसली. पक्ष्याची पाठ दिसणं ही फार वाईट गोष्ट असते.

हिवाळाभर वारा माथ्यावरचं बर्फ लोटत कड्यापार नेतो आणि तिथे त्याचा छज्जा तयार होतो. वरून बघावं तर जमीनच, खालून हवा. सॉर्लीनं छज्ज्यांवर शाळाशाळांतून व्याख्यानं दिली होती. आत्ता तो एका छज्ज्यावर पालथा पडला होता, आणि व्याख्यानातलं त्याला एवढंच आठवत होतं की मे महिन्यात त्यांच्यावर ऊन पडलं की ते तुटतात. या कड्याखालून पथकानं आजवर काय काय उचललंय तेही त्याला पाठ होतं. त्यानंच तर लिहिलं होतं.

त्याला डोकं आत घ्यायचं होतं, पण मान ऐकेना. शेवटी तो इंचाइंचानं मागे सरकला.

“दिसतोय का सूर्य?” आत्यानं विचारलं. “सरक, मला बघू दे.”

“हलू नकोस.”

“चहा तरी ठेव.”

“आत्या, आपल्याखाली डोंगर नाहीये.”

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता हे तिला त्याच्या ओठांवरून कळलं. त्यांना रंगच नव्हता.

“असं कसं?” ती हळूच म्हणाली. “पन्नास पावलं मोजलीस ना? राशीपासून?”

“मोजली. रास एकच आहे. दुसरी मी सप्टेंबरात मोडली.”

चौतीस वर्षांत कुणाचंही पत्र हरवलं नव्हतं आत्यानं, पण तिच्या तोंडावर आत्ता हरवल्यासारखा भाव होता.

“सॉर्ली,” ती म्हणाली, “मी ती ऑक्टोबरात परत रचली.”

“काय?”

“एकेक दगड. चार दिवस येत होते. हा गुडघा उरलासुरला तिथेच संपला.”

“का पण?”

“ती तुझ्या बापानं आणि मी रचलेली, गाढवा! बेचाळीस वर्षांपूर्वी. बसून चहा प्यायचा तर पाठीला टेकू नको? वरचा पांढरा दगड त्यानं तळ्यापासून खिशात घालून आणला होता. तू फळ्यावर लिहिलंस, ‘कुणा मूर्खाने रचलेली.’ अख्ख्या गुत्त्यानं वाचलं. तो असता तर हसला असता. मला नाही हसू आलं.”

सॉर्लीच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला. बापाच्या राशीपासून चाळीस पावलांवर डोंगर संपतो. उरलेली दहा पावलं बर्फ.

तेवढ्यात खालून ‘धप्’ असा आवाज आला. मोठा नव्हता. कुणीतरी शेजारच्या खोलीत गादी टाकावी तसा. फक्त इथे शेजारची खोली नव्हती. तंबू बोटभर खचला.

सॉर्लीनं चीजची सुरी घेतली आणि तंबूची मागची भिंत वरपासून खालपर्यंत फाडली. सात पावलांवर, तंबू आणि डोंगर यांच्यामध्ये, बर्फात निळी भेग होती. बोटाएवढी रुंद, दोन्हीकडे नजर जाईल तिथवर लांब.

“फोन कर,” आत्या म्हणाली.

फोनला एक रेघ होती. सॉर्लीनं पथकप्रमुख डूगल्डचं नाव काढलं आणि अंगठा वरच्या वर थांबला. त्याला गुत्ता दिसला. फळा दिसला. शेवटचं वाक्य आणि ते म्हणणारी चाळीस तोंडं दिसली.

“आधी मी बघतो, रांगत गेलो तर...”

“माझा गुडघा टेकतो का? मी कशी रांगू? फोन कर, सॉर्ली. गुरुवारी मला काम आहे.”

ती हे अगदी शांतपणे म्हणाली, पण तिनं त्याची बाही घट्ट धरली होती. आत्यानं कुणाला असं धरलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं अंगठा टेकवला.

“रविवारी पाच वाजता?” डूगल्ड खेकसला. “कोण मेलं?”

“अजून कुणी नाही. ग्लासाग. पूर्वेचा कडा. छज्ज्यावर तंबू आहे. भेग पडलीय. माणसं दोन.”

“कोण शहाणा मे महिन्यात छज्ज्यावर तंबू ठोकतो? इंग्लंडहून आलेला असणार, पैज लाव. बरं, तपशील सांग.”

“एक बाई. एकोणसत्तर. गुडघा निकामी. आणि एक पुरुष.”

“नाव?”

“मी.”

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“दोन तास लागतील बाळा,” डूगल्ड म्हणाला. तो आयुष्यात कुणालाही बाळा म्हणाला नव्हता. सॉर्लीला भेगेपेक्षा त्या शब्दाची जास्त भीती वाटली. “ऊन कधी येईल तिथे?”

सॉर्लीनं समोर पाहिलं. पलीकडच्या डोंगरामागचं आभाळ पिवळं झालं होतं. “वीस मिनिटं.”

“मग आमची वाट बघू नका,” डूगल्ड म्हणाला.

बूट बाहेर, कडेच्या हातभर अलीकडे होते. सॉर्लीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नाद सोडला. सॅकमधली पथकाची तीस मीटरची दोरी काढली आणि तंबूच्या मागच्या बाजूच्या दोऱ्या कापून तिला जोडल्या. आत्याला झोपायच्या मॅटवर उताणं निजवलं, दोरी मॅटखालून घेऊन तिच्या काखांतून बांधली.

“पार्सल,” आत्या म्हणाली. “चौतीस वर्षं दिली, आज मीच झाले.”

“बोलू नको.”

“बोलले नाही तर किंचाळेन.”

“मग बोल.”

तो पोटावर सरकत निघाला. पायांत मोजे, दातांत दोरी. भेगेवर छाती आली तेव्हा तिच्यातून थंड हवा त्याच्या तोंडावर आली, आणि फार खालून पाणी ठिबकल्याचा आवाज. त्याला त्या क्षणी ना पथक आठवलं, ना शिस्त. तो आईला हाक मारत होता, हे त्याला पलीकडे पोचल्यावर कळलं, कारण आत्या म्हणाली, “ती घरी आहे. पुढे सरक.”

बापाच्या राशीशी पोचल्यावर दोरी पुरेना. मग त्यानं कमरेचा पट्टा जोडला, पाय राशीच्या बुंध्याला रोवले आणि ओढलं. मॅट हलली. रात्रीचं गोठलेलं बर्फ गुळगुळीत होतं; आत्या पाठीवर आभाळ बघत, काठी छातीशी धरून सरकू लागली. भेगेशी मॅट अडली.

ऊन आलं. आधी तंबूचं टोक उजळलं, मग सगळा तंबू. फार सुंदर दिसत होता.

“आत्या, ढकल! काठीनं!”

“कुठं टेकवू? सगळीकडं मऊ लागतंय!”

सॉर्लीनं डोळे मिटले, दोन्ही पायांनी राशीला रेटलं आणि सगळ्या अंगानं मागे झोकून दिलं. रास हलली नाही. आत्यानं चार दिवस खपून ती अशी काही बसवली होती की पथकाची पहारही दमली असती. मॅट भेगेवरून उडी मारून अलीकडे आली, आणि तिच्यामागे, फारसा आवाज न करता, दहा पावलं बर्फ निघून गेलं. तंबू, स्टोव्ह, उरलेला केक आणि जोडीनं लावलेले बूट. मग बऱ्याच वेळानं खालून आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला.

मॅट ओढून आणल्यावर दोघंही राशीला पाठ टेकून बसले. सॉर्लीचे दात वाजत होते. आत्यानं हातमोजे काढले आणि त्याच्या पायांत चढवले.

“आला की सूर्य,” ती म्हणाली, आणि मग मात्र रडली.

पथक आलं तेव्हा सॉर्लीचे पाय जांभळे पडले होते. त्याला स्ट्रेचरवर घेतलं. आत्या शेजारून काठी टेकत चालत खाली आली आणि चौघा उचलणाऱ्यांना वाटभर सांगत राहिली की हळू चाला, पोर नाजूक आहे.

गुरुवारी गुडघा बदलला. शुक्रवारी सॉर्ली तिच्या खाटेशी अहवालाचा कागद घेऊन बसला.

“लिही,” आत्या म्हणाली. “नकाशा होता, अक्कल नव्हती.”

त्यानं लिहिलं.

“आणि राशीचं काय?” तिनं विचारलं. ती छताकडे बघत होती. “धोका आहे, हे मलाही कळतं. पण माझ्यानं परत नाही होणार ते. ना मोडणं, ना रचणं.”

रास राहिली तर कुणीतरी एक दिवस तिथून पन्नास पावलं मोजेल. आणि मोडायची तर तिच्यावर बापानं खिशातून आणलेला दगड होता. सॉर्लीनं बराच वेळ पेन चावलं. मग कागदाच्या तळाशी, जिल्ह्याच्या डोंगरवाटा समितीला उद्देशून, स्वच्छ अक्षरात लिहिलं:

‘सबब नम्र विनंती की, बेन ग्लासागचा पूर्वेकडील कडा सध्याच्या जागेवरून आणखी शंभर पावले पूर्वेस सरकवण्यात यावा, जेणेकरून सदर रास आहे त्या जागी ठेवणे शक्य होईल. काम येत्या हिवाळ्यापूर्वी पूर्ण करून तसे या कार्यालयास लेखी कळवावे.’