हात न धुता

रविवारी अजिंक्यताऱ्यावरून उतरणारी माणसं शेवटच्या वळणाला आली की त्यांना घार्ग्यांच्या खाणावळीचा वास लागायचा. भाजलेल्या खोबऱ्याचा, लसणीचा, तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेल्या भाकरीचा. भरतीसाठी पळायला गेलेली पोरं, फौजेतून निवृत्त झालेली मंडळी, पुण्या-मुंबईहून गड बघायला आलेले पाहुणे, सगळे बुटांच्या नाड्या न सोडताच बाकावर बसायचे आणि आधी अळणी मागायचे. मटण शिजवलेलं ते बिनतिखटाचं गरम पाणी. ते वाटीनं पीत राहायचं, पोट उघडेपर्यंत. मग सुकं, मग तांबडा रस्सा. मानसिंग घार्गे स्वतः डाव घेऊन ओळीतून फिरायचे. "आवं, लाजताय काय पावणं? गड चढून आलाय न्हवं?" म्हणत नको म्हणणाऱ्याच्या वाटीत आणखी एक डाव ओतायचे.

तो हातभर लांबीचा लोखंडी डाव आता पोलिसांकडं मुद्देमालात होता. त्याच डावानं त्यांना मारलं होतं.

उन्हाळ्यातली गोष्ट. गावाबाहेर प्लॉट पाडून विकणारा जयराज दोघा मित्रांना घेऊन जेवायला आला आणि त्यानं टेबलावर बाटली ठेवली. खाणावळीत दारू चालत नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. मानसिंगरावांनी बाटली उचलली, दाराबाहेरच्या गटारात पालथी केली आणि म्हणाले, "आता जेव. तुझ्यासाठी नळी काढून ठेवलीय." लोक हसले. जयराजला ते हसणं लागलं. त्यानं भट्टीजवळचा डाव उचलला. पहिला घाव मानसिंगरावांनी हातावर झेलला. उरलेले डोक्यावर बसले. ते उंबऱ्यात पडल्यावरही तो मारतच होता.

खाणावळ भरलेली असूनही नंतर जबाब एकट्यानं दिला. समोरच्या रसवंतीच्या नाथाजीकाकांनी. बाकीचे सगळे त्या वेळी म्हणे हात धुवायला गेले होते.

शिवांजली, मानसिंगरावांची थोरली, सांगलीच्या कॉलेजात शिकवायची. रजा काढून ती आली ती परत गेलीच नाही. पावसाळा संपत आला तसं तिनं धाकट्या ज्योतिबाला विचारलं, "भट्टी पेटवायची का?" संध्याकाळी त्यानं लाकडं फोडून रचून ठेवली. जयराज जामिनावर सुटल्यापासून ज्योतिबा असाच मुका झाला होता. मटण तोडायला बसला की सत्तूर गरजेपेक्षा जास्त वेळा चालवायचा. खिम्यासारखे तुकडे पडायचे.

खाणावळ पुन्हा उघडली त्या पहिल्या रविवारी गडावरून उतरलेली माणसं वास ओळखून आली. नेहमीच्यांनी अळणी तोंडाला लावली, डोळे मिटले, आणि एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "पोरी, हात तोच हाय गं." शिवांजलीला बरं वाटलं. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

तेवढ्यात दारात जयराज उभा राहिला.

पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मागं एक मित्र, मोबाईल समोर धरून. बाकांवरचे हात वाट्यांवर थांबले. जयराज मधल्या टेबलाशी, सगळ्यांना दिसेल असा बसला.

"ताई, एक ताट," तो गोड आवाजात म्हणाला. "झालं गेलं. मी आज ह्या घरचं जेवायला आलोय."

तो कशाला आला होता ते बसलेल्या प्रत्येकाला कळलं. औंधाकडच्या गावांत ही चाल होती, आणि गल्लीतली निम्मी माणसं तिकडचीच. ज्याच्याशी वैर त्याच्या दारी जेवायचं, त्याच्याच तांब्यातल्या पाण्यानं हात धुवायचा आणि उठायचं. मग ते वैर कुणी पुढं न्यायचं नाही, कोर्टातही नाही. खुद्द मानसिंगरावांनी बांधाची दोन भांडणं याच बाकांवर मिटवली होती. जयराज इथं जेवून गेला, तर नाथाजीकाका साक्षीला कशासाठी उभे राहतील? पोरीनंच ताट वाढलं म्हणतील. समोर रसवंतीचा चरक थांबला होता. नाथाजीकाका ऊस हातात धरून इकडंच बघत होते.

आणि त्याला हाकलायची सोय नव्हती. आबांचे दोनच नियम. दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, आणि ताटावर बसलेल्याला हात लावायचा नाही. जयराज ते ओळखूनच आला होता.

आतल्या स्वयंपाकघराच्या दारात ज्योतिबा दिसला. सत्तूर हातात, मनगटापर्यंत रक्त, मटणाचंच.

"आक्का," तो हळू म्हणाला, "ताट वाढू नगं."

"आत जा."

"लय झालं आता. वाढू नगं म्हणतोय मी."

"ताटावर बसलाय तो, ज्योतिबा. आबांची शपथ आहे तुला. आत जा."

तो आत गेला नाही, पण पुढंही आला नाही. शपथ आणि ते ताट, या दोनच गोष्टींनी त्याला चौकटीत धरून ठेवलं होतं.

शिवांजलीनं भाकरी, कांदा, खर्डा आणि रिकाम्या वाट्या असं ताट नेऊन ठेवलं. जयराजनं हात लावला नाही. वाढणं मोबाईलमध्ये नीट दिसायला हवं होतं त्याला.

"रस्सा तुमच्या हातानं वाढा ताई," तो म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून, फक्त तिला ऐकू जाईल असं, "म्हाताऱ्यासारखा भरपूर."

ती भट्टीशी गेली. सकाळपासून उकळणारं पातेलं, वर बोटभर तर्री. नवा डाव तिनं आत घातला. आबांच्या हातात डाव कसा हलका वाटायचा. तिनं तो बाहेर काढून बाजूला ठेवला. आज इथं अन्नच नसलं, तर कुणी जेवून जाणार नाही. एवढाच विचार होता तिचा. दोन्ही हातांनी फडकी धरून तिनं पातेल्याचे कान पकडले आणि सगळं अंग टाकून ते भट्टीवरून लोटलं.

उकळता रस्सा फरशीवर फुटला. भाजलेल्या मसाल्याची वाफ छताला लागली. माणसं ओरडत बाकांवर चढली, वाट्या पडल्या. लाल लोंढा टेबलांखालून सरळ मधल्या बाकाशी गेला आणि जयराज किंचाळला. सँडलमधली पावलं उचलेपर्यंत सोलून निघाली होती.

"संपलं जेवण," शिवांजली म्हणाली. "आज कुणालाच नाही."

तो ताट उधळून उठला. लंगडत येऊन त्यानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं भट्टीच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा. तिच्या भुवईवरून रक्त डोळ्यात उतरलं. तांबड्या धुक्यातून तिला ज्योतिबा येताना दिसला. न पळता, शांतपणे.

"आक्का, बाजूला हो," तो म्हणाला. "आता त्यो ताटावर न्हाई."

तेव्हा तिला कळलं आपण काय केलं ते. जयराजचं जेवण तिनं काढून घेतलं, आणि त्याबरोबर ज्योतिबाला अडवणारी एकुलती एक गोष्टही.

पहिला घाव बाकात रुतला. जयराजनं तिला सोडलं आणि मागं सरताना रश्श्यात घसरला. दुसरा घाव त्याच्या खांद्यात गेला. शर्ट लाल झाला, ओल्या मांसाचा आवाज झाला. मित्र मोबाईल टाकून पळाला. सुभेदार "आरं, आरं पोरा!" म्हणत पुढं झाले, त्यांना ज्योतिबानं कोपरानं उडवलं. त्यानं जयराजच्या छातीवर गुडघा रोवला आणि सत्तूर वर गेला. मटण तोडताना जायचा तसाच, मोजून.

शिवांजलीच्या हाताशी फरशीवर पडलेली भाकरी आली. तिनं कोर तोडली आणि जयराजच्या उघड्या तोंडात कोंबली.

"जेवतोय तो!" ती ओरडली. "ज्योतिबा, बघ. आबांच्या घरचं जेवतोय. हात लावायचा नाही!"

सत्तूर हवेत थांबला.

"चाव," ती जयराजला म्हणाली. "चाव, नाहीतर मरशील."

तो चावू लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, तोंडात रश्श्यात भिजलेली भाकरी. त्यानं घास गिळला आणि तो गळ्यातून उतरताना साऱ्या गल्लीनं पाहिला. ज्योतिबाची मूठ सुटली. सत्तूर खाली पडला आणि तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडू लागला.

ज्यासाठी जयराज आला होता, ते तिनं स्वतःच्या हातानं त्याला भरवलं होतं. भाऊ वाचला. आबांचं काय झालं ते आता नाथाजीकाका कोर्टात कशाला सांगतील, ती मनात म्हणाली, आणि वर बघायचं तिला धाडस झालं नाही.

जयराज सरपटत दाराकडं निघाला. दाराशी दगडी ओट्यावर पितळी तांब्या होता, जेवून उठणाऱ्यांसाठी भरलेला. पाय भाजून निघत होते, हात तर्रीनं चिकट झाले होते. त्यानं तांब्याकडं हात लांबवला.

त्याच्या आधी कुणीतरी तांब्या उचलला.

नाथाजीकाका रस्ता ओलांडून आले होते. उसाचं पेर अजून काखेत होतं. खुनानंतर ते पहिल्यांदाच या उंबऱ्यात आले होते.

"काका, पाणी," जयराज म्हणाला. "लय आग हुतीय."

"दवाखान्यात जा," नाथाजीकाका म्हणाले. "ह्या घरचं पाणी तुला न्हाई."

"मी जेवलोय. सगळ्यांनी बघितलंय."

"हात धुतलास का?"

जयराजचा हात मागं आला. त्यानं आपल्या लाल बोटांकडं पाहिलं. मग लंगडत, भिंती धरत, तसाच निघून गेला. भिंतीवर जागोजागी त्याच्या हाताचे ठसे उमटले.

नाथाजीकाकांनी शिवांजलीला उठवलं आणि पदरानं भुवई दाबून धरायला लावली. मग ते ज्योतिबाकडं बघत राहिले.

"तारखेला मी येतो पोरी," ते म्हणाले. "पण शपथ घेतल्यावर मला अर्धं सांगता यायचं न्हाई. तवाचं सांगीन आणि आजचं बी सांगीन. सत्तुराचं बी."

ज्योतिबानं मान वर केली. शिवांजलीनं त्याच्याकडं पाहिलं, मग फरशीवर थंड होत चाललेल्या रश्श्याकडं.

"सांगा काका," ती म्हणाली.

त्यांनी तांब्या पुन्हा ओट्यावर ठेवला, होता तिथंच, भरलेला.